अमरावतीचे केशवराव आणि पियानोच्या पट्ट्या

पियानो या वाद्याचा आणि वऱ्हाडाचा संबंध काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न थट्टेचाच समजला जाईल. अमरावती-अकोल्याकडच्या जुन्या घरांत पेटी सापडते. कोणाकडे ती माळ्यावर भाता फाटलेल्या अवस्थेत पडलेली असते, तर कोणाकडे बैठकीत विणलेल्या रुमालाखाली नीट झाकून ठेवलेली. पियानो मात्र आम्ही पाहिला तो सिनेमात. कोट घातलेला नायक त्यावर बोटे फिरवीत विरहाचे गाणे म्हणतो, नायिका जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहते, आणि खलनायक सिगारेट विझवतो, एवढीच त्या वाद्याशी आमची ओळख. परंतु या परक्या वाद्याला आपल्या नाटक-सिनेमाच्या गाण्यात ज्यांनी प्रथम जागा करून दिली, त्यांच्यात एक नाव अगदी अग्रभागी घेतले जाते, आणि ते नाव अमरावतीत जन्मलेल्या माणसाचे आहे: केशव वामन भोळे. जन्म २३ मे १८९६, मृत्यू १९७७.

माझ्या वर्गात हे नाव घेतले की मुले शांतपणे माझ्याकडे पाहत राहतात. ज्योत्स्नाबाई भोळे म्हटले की एखादी मुलगी म्हणते, "आजी त्यांची गाणी म्हणायची." 'संत तुकाराम' चित्रपट तर बहुतेकांच्या घरी एकदा तरी लागलेला असतो. पण त्या चित्रपटाला संगीत कोणाचे, या प्रश्नावर पुन्हा शांतता! मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. हा संगीतकार विसरला जावा असे काहीतरी त्याच्या कामातच होते, आणि माझ्या मते तेच त्याच्या कामातले सर्वांत चांगले होते. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

केशवराव जन्मले त्या काळची अमरावती ही काही आडगावची वस्ती नव्हती. ते दीड वर्षाचे असताना, १८९७ च्या डिसेंबरात, काँग्रेसचे अधिवेशन याच गावात भरले होते. दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे टिळकांचे निकटवर्ती येथे राहत. वऱ्हाडात पांढरे सोने पिकत होते, बडनेऱ्याहून रेल्वेचा फाटा गावापर्यंत आला होता, आणि कापसाचा पैसा शेतकऱ्याच्या व अडत्याच्या हाती खुळखुळू लागला की मुंबई-पुण्याकडच्या नाटकमंडळ्या पडदे-पेट्या बांधून इकडे निघत. वऱ्हाडचा दौरा म्हणजे मंडळीचे वर्षाचे कर्ज फिटण्याची आशा. प्रेक्षकही नुसता पैसेवाला नव्हता, जाणता होता. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' आणि 'रणदुंदुभी' ही नाटके लिहिणारे वीर वामनराव जोशी याच अमरावतीचे. ज्या गावात संध्याकाळी राजकारण आणि रात्री नाट्यसंगीत असा शिरस्ता होता, तेथल्या मुलाच्या कानावर काय पडत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

हा मुलगा पुढे वैद्यकाच्या शिक्षणासाठी मुंबईला गेला. त्या काळी वऱ्हाडातल्या मध्यमवर्गीय घरातून मुलगा डॉक्टरकीला जाणे म्हणजे केवढी गोष्ट, हे आजच्या पालकांनाही सांगायला नको. परंतु मुंबईत त्याला औषधापेक्षा गाणे अधिक लागू पडले. डॉक्टर व्हायला निघालेला तरुण गायक झाला, मग चाली बांधणारा आणि गाण्यावर लिहिणारा. पुढे त्यांच्या एका पुस्तकाचे नावच 'आवाजाची दुनिया' असे आहे.

आता थोडे वाद्याविषयी. कारण केशवरावांनी काय केले हे कळायचे तर पियानोला काय करता येत नाही हे आधी कळले पाहिजे.

आपला गवई गंधारावरून पंचमावर जातो तेव्हा जिन्याच्या पायऱ्या चढल्यासारखा जात नाही. उतारावरून पाणी वाहावे तसा जातो. मधल्या सगळ्या जागांना स्पर्श करीत, कोठेही न थांबता. याला मींड म्हणतात, आणि रागाचा निम्मा जीव या मींडेत असतो. पट्टीच्या वाद्याला हे जमत नाही. पेटी असो, नाटकातला पायपेटीचा ऑर्गन असो किंवा पियानो असो, एक पट्टी म्हणजे एक स्वर. दोन पट्ट्यांच्या मध्ये लाकूड असते, स्वर नसतो. दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. तंबोरा चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून आपोआप एक गंधार ऐकू येतो. पियानोचा शुद्ध गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो. सर्वसाधारण श्रोत्याला हा फरक सांगूनही कळत नाही, पण गवयाच्या कानाला तो पायात खडा टोचावा तसा टोचतो.

पेटीने निदान एक सोय केली होती. भाता चालू आहे तोवर तिचा स्वर टिकतो. त्यामुळे ती गायकाच्या मागोमाग सावलीसारखी जाऊ शकते. पियानोत तर हातोडी तारेवर पडते, स्वर उमटतो आणि उमटताक्षणीच विरू लागतो. मग असले वाद्य आपल्या गाण्यात आणायचेच कशाला?

केशवरावांच्या रचनांकडे पाहून माझ्यापुरते मी जे उत्तर काढले आहे ते असे. स्वर विरतो हाच पियानोचा गुण आहे. तो एक ठोका देतो, आधार देतो आणि बाजूला होतो. त्या मोकळ्या जागेत शब्द ऐकू येतो. पेटी किंवा ऑर्गन गायकाच्या प्रत्येक हरकतीवर बोट ठेवून चालतात. ख्यालाला आणि नाट्यपदाला ते शोभते, पण ज्या गाण्यात कवितेचा एकेक शब्द पोहोचला पाहिजे तेथे त्याची गर्दी होते. आणि दुसरे म्हणजे, त्यांच्या नावावर जी वाद्ये आणल्याचे श्रेय दिले जाते ती तीन आहेत: पियानो, हवाईयन गिटार आणि व्हायोलिन. यांतल्या दोघांना मींड उत्तम येते. हवाईयन गिटारीत तारेवरून लोखंडी दांडी सरकवतात, व्हायोलिनच्या तारेवरून बोट सरकते. मुका पाहुणा घरी आणताना त्याच्याबरोबर दोन बोलके सोबती आणण्याची ही दृष्टी आहे. केवळ साहेबी वाद्यांचा शौक असता तर निवड अशी पडली नसती.

काळही अनुकूल होता. मराठीत भावगीत नुकते जन्माला येत होते. जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता १९३२ साली ध्वनिमुद्रिकेवर गायली, आणि कविता गाता येते, तीही रागदारीचे ओझे न लादता, हे महाराष्ट्राला कळले. हे ना. घ. देशपांडे बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे, म्हणजे तेही आमच्या वऱ्हाडचेच. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वऱ्हाड म्हटले की लोकांना फक्त कापूस आणि मिरचीचा ठेचा आठवतो.

त्याच १९३२ साली केशवरावांचा विवाह गोव्यातल्या बांदिवड्याच्या दुर्गा केळेकर या अठरा वर्षांच्या गायिकेशी झाला. त्याच पुढच्या ज्योत्स्नाबाई भोळे. गोव्याचा गळा आणि वऱ्हाडचा कान एका घरात आले, असे म्हणावेसे वाटते. दुसऱ्याच वर्षी, १ जुलै १९३३ रोजी, मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणले. श्रीधर विनायक वर्तकांनी नॉर्वेच्या ब्यर्नसन या नाटककाराच्या कृतीवरून ते रचले होते. पुरुषाच्या लग्नापूर्वीच्या वर्तनाला एक न्याय आणि स्त्रीच्या वर्तनाला दुसरा, हे एका मुलीला मान्य नाही, असा विषय. ती मुलगी म्हणजे बिंबा, आणि ही भूमिका ज्योत्स्नाबाईंनी केली. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करायची, घर घरासारखे दिसायचे, माणसे माणसांसारखी बोलायची, असा या मंडळींचा आग्रह होता. संगीत केशवरावांचे.

आजच्या वाचकाला यात काय विशेष, असे वाटेल. तर मग त्या काळचे संगीत नाटक आठवा. पदांमागून पदे, प्रत्येक पदाला "वन्स मोअर", नायिका मूर्च्छित पडण्याच्या आधी एक पद आणि शुद्धीवर आल्यावर दुसरे! गाणे सुरू झाले की नाटक थांबे, आणि ते थांबल्याबद्दल कोणाची तक्रार नसे, कारण लोक गाणे ऐकायलाच आलेले असत. या प्रथेत वाढलेल्या संगीतकाराला "मोजकीच गाणी हवीत, तीही लहान, आणि कथानक थांबता कामा नये" असे सांगणे म्हणजे आचाऱ्याला पंगतीत फक्त वरणभात वाढायला सांगण्यासारखे आहे. केशवरावांनी ते मनापासून केले. चाल अशी बांधली की ती बिंबाच्या तोंडचे वाक्य वाटावी. बिंबाचे एकटेपणाचे गाणे आज नव्वद वर्षांनंतरही रसिकांच्या स्मरणात आहे, आणि ते म्हणणारे पुष्कळजण ते नाटकातले आहे हेही विसरलेले असतात.

येथे थोडे घराबाहेर पडून एका दूरच्या शहराकडे पाहू, कारण केशवरावांपुढचा प्रश्न त्यांच्या एकट्यापुढचा नव्हता. याच १९३३ साली तुर्कस्तानातल्या इस्तंबूल शहरात एक संगीतिका रंगभूमीवर आली. तिचे नाव 'लुक्युस हयात'. यातली 'हयात' म्हणजे आपण पेन्शनीसाठी हयातीचा दाखला देतो तीच हयात. ऐषारामाचे आयुष्य असा नावाचा अर्थ. संगीतकार होते जेमाल रेशित रे, स्वतः पियानोवादक, केशवरावांपेक्षा आठ वर्षांनी लहान. पॅरिसमध्ये मार्गरीत लाँग या विख्यात पियानोवादिकेकडे ते शिकले आणि १९२३ मध्ये, तुर्की प्रजासत्ताक स्थापन झाले त्या वर्षी, मायदेशी परतून शिकवू लागले. प्रजासत्ताकाच्या दहाव्या वर्धापनदिनाच्या गीताला चाल त्यांचीच, आणि तेही १९३३ मध्येच.

तुर्कस्तानच्या जुन्या संगीतात 'मकाम' असतात. आपल्या रागांसारखेच त्यांना स्वभाव, चलन आणि विश्रांतीच्या जागा असतात. तिकडचे शास्त्रकार एका पूर्ण स्वराचे नऊ सूक्ष्म भाग मोजतात. आपण सप्तकात बावीस श्रुती मोजतो. म्हणजे पियानोच्या बारा पट्ट्यांशी त्यांचेही भांडण तेच. फरक पडला तो सरकारच्या भूमिकेत. नव्या राष्ट्राला युरोपच्या पंक्तीत बसायचे होते. १९३४ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तानात रेडिओवरून जुने तुर्की संगीत लावायलाच बंदी झाली आणि ती १९३६ पर्यंत टिकली. पाश्चात्य संगीत हेच भविष्य, आपले ते मागासलेले, असा तो हुकूम होता. लोकांनी काय करावे? शेजारच्या अरब देशांची केंद्रे लावून ते आपल्या कानाची तहान भागवू लागले. रे यांच्यासारख्या पियानोवादक संगीतकाराने मात्र परदेशी वाद्याला आपल्या मातीतले सूर दिले. १९६१ मध्ये त्यांनी इस्तंबूलच्या एका लोकगीतावर पियानो आणि वाद्यवृंदासाठी रचना केली. ते १९८५ मध्ये वारले, आणि इस्तंबूलमधल्या एका मोठ्या संगीतगृहाला आज त्यांचे नाव आहे.

गंमत अशी की आपल्याकडे पुढे नेमके उलटे झाले. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली. कारण तेच, मींड नाही आणि श्रुती नाहीत. तेथे परक्या सुरांसाठी घरचे गाणे बंद, येथे घरच्या गाण्यासाठी परके वाद्य बंद! ही बंदी सुमारे तीन दशके चालली. दोन्ही हुकूम काढणाऱ्यांची देशभक्ती निर्विवाद होती. मात्र कोणते वाद्य कोठे वाजवावे आणि कोठे वाजवू नये, हा निर्णय गाण्यागणिक करायचा असतो. हुकूमनाम्याला ते साधत नाही. केशवरावांनी हा निर्णय कसा केला, ते 'प्रभात'च्या चित्रपटांत पाहायला मिळते.

प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली, आणि पुण्यातल्या पहिल्याच चित्रपटाला, १९३४ च्या 'अमृतमंथन'ला, केशवरावांचे संगीत होते. त्यानंतर 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माझा मुलगा', 'संत ज्ञानेश्वर', 'संत सखू', 'रामशास्त्री' अशी दहा वर्षांची कामगिरी आहे. सगळ्यांचा परामर्श घेत बसलो तर संपादक कात्री घेतील. दोनच घेतो.

'संत तुकाराम' १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि एका वर्षाहून अधिक काळ तेथे चालला. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकारामांच्या भूमिकेत. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. पियानो आणणारा माणूस येथे काय करतो? पियानोला घरी ठेवतो. वारकऱ्याच्या हातात जे असते, टाळ, वीणा, मृदंग, त्याच्याच अंगणात चाल फिरते. बरे, ही चाल अगदी फडातली जशीच्या तशीही उचललेली नाही. ती ऐकताना वाटते की ही पूर्वीपासून अशीच होती.

पण माझ्या मते केशवरावांची खरी परीक्षा पागनिसांच्या अभंगात नाही, सालोमालोच्या गाण्यात आहे. हा ढोंगी शास्त्री तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवतो. चित्रपटाच्या सुरुवातीलाच तुकोबा एक अभंग गातात, आणि लगेच तोच अभंग आपण देवळात सालोमालोच्या तोंडून ऐकतो. शब्द तेच. पण आता त्यात मुरके आहेत, हातवारे आहेत, समेवर येताना श्रोत्यांकडे टाकलेला कटाक्ष आहे. त्या काळच्या रंगभूमीवरच्या सवयींची ही उघड टिंगल आहे, आणि ती करणारा त्या रंगभूमीचा पक्का जाणकार आहे. एक शब्दही न बोलता, केवळ चालीतून, खरा कोण आणि खोटा कोण हे प्रेक्षकाला कळते. आमच्या घरी हा चित्रपट लावला होता तेव्हा सातवीतल्या कन्यकेने विचारले, "बाबा, हा माणूस गाताना सारखा लोकांकडे का बघतो?" मी 'मराठी वाङ्मयातील आत्मनिष्ठा' या विषयावर वर्गात पाऊण तास बोलतो, त्यात इतके नेमके काही नसते.

याच चित्रपटात शांताराम आठवले यांनी लिहिलेले 'आधी बीज एकले' हे गीत आहे. ते तुकोबांचे नव्हे. पण अनेकांनी ते तुकोबांचेच मानले आणि गाथ्यात शोधले. आठवल्यांच्या शब्दांचे हे यश आहेच. परंतु चालीने जरा जरी "मी नवीन आहे" असा इशारा दिला असता तर हा भ्रम टिकला नसता. अकोल्यात आमच्या भागातल्या विठ्ठलमंदिरात एकादशीला भजन असते. तेथले टाळकरी, त्यांत एक निवृत्त गिरणी कामगार आणि एक भाजीवाले काका, हे गीत त्याच चालीवर म्हणतात. मी त्यांना एकदा सांगितले की ही चाल आपल्या अमरावतीच्या माणसाने बांधली आहे. काका म्हणाले, "असं कसं गुरुजी? हे तं आधीपासूनच आहे." गुरुजींनी वाद घातला नाही. वऱ्हाडात, तुकडोजी महाराजांच्या खंजिरीच्या मुलखात, भजन म्हणणाऱ्या माणसाने चालीला असे प्रमाणपत्र द्यावे, यापेक्षा मोठे पारितोषिक मला तरी माहीत नाही.

दुसरा चित्रपट 'कुंकू', सन १९३७. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो केला. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. शांता आपटे नीरा आणि केशवराव दाते काकासाहेब. या चित्रपटात गाणी आहेत, पण पार्श्वसंगीत नाही. म्हणजे पात्र रडू लागले की व्हायोलिन रडत नाही, दार उघडले की झांज वाजत नाही. घरात जे आवाज असतात तेच ऐकू येतात. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा लंबक तर या घरातले एक पात्रच झाला आहे. हा निर्णय दिग्दर्शकाचा असणार, हे उघड आहे. पण ज्याच्या नावापुढे "संगीत" असे पडद्यावर येणार, त्याने प्रसंगामागून प्रसंगात गप्प बसायचे, याला केवढा आत्मविश्वास लागतो! आजकालच्या मालिकांत एका भुवईला तीनदा ढोल वाजतो, तो ऐकणाऱ्यांना याचे मोल अधिक कळावे.

आणि याच चित्रपटात शांता आपटे लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता गातात! जीवन म्हणजे पोकळ स्वप्न नव्हे, असे सांगणारी ती १८३८ सालची कविता त्या पिढीच्या इंग्रजी शिकलेल्या वाचकांना चांगली परिचयाची होती. इंग्रजी शब्द, पुण्याच्या मध्यमवर्गीय घरातली नायिका, आणि चाल बांधणारा अमरावतीचा. हा प्रकार हास्यास्पद व्हायला काहीच हरकत नव्हती. तो तसा झाला नाही, कारण नीरा शिकलेली आहे, तिला तो विचार जवळचा आहे, आणि गाणे तिच्या त्या विचारापुरतेच इंग्रजी आहे. पाश्चात्य वळण कोठे घ्यावे आणि किती घ्यावे, याचा हा मला वाटणारा उत्तम दाखला.

संगीतकार केशवरावांच्या जोडीला टीकाकार केशवराव होते, आणि हे दुसरे पहिल्यापेक्षा अधिक भीतिदायक असावेत. 'एकलव्य' या टोपणनावाने ते 'वसुंधरा' साप्ताहिकातून गवयांवर लिहीत. 'शुद्धसारंग' हे त्यांचे आणखी एक टोपणनाव. 'आजचे प्रसिद्ध गायक' हे त्यांचे पुस्तक १९३३ चे, म्हणजे 'आंधळ्यांची शाळा'च्याच वर्षाचे. तोवर मराठीत गाण्यावर लिहिणे म्हणजे बहुधा बुवांची आरती, नाहीतर श्रुतींचे गणित. केशवरावांनी गवयाच्या आवाजाची जात, दमसास, उच्चार, मांडणी यांवर मराठी वाचकाला समजेल असे लिहिले. 'एकलव्य' हे नाव मला बोलके वाटते. गुरुकुलाच्या दाराबाहेर उभा राहून ज्याने सगळे ऐकले आणि साधले, त्याला दारातल्या लोकांविषयी स्पष्ट बोलण्याचे स्वातंत्र्य असते.

या दोन भूमिकांचा मेळ कसा बसत होता, हे मला महत्त्वाचे वाटते. रागदारीची बारीक चिकित्सा करणारा माणूस पियानोला दार उघडतो, यात जुन्या लोकांना विसंगती वाटली असेल. मला ती दिसत नाही. ज्याला मींडेची किंमत ठाऊक आहे त्यालाच मींड नसलेले वाद्य कोठे बसवावे ते कळते. ज्याला ती ठाऊक नाही तो एक तर पियानोला घाबरेल, नाहीतर प्रत्येक गाण्यात वाजवील. आपल्याकडे दोन्ही प्रकार भरपूर झाले.

उत्तरायुष्यात त्यांनी पुष्कळ लिहिले. 'माझे संगीत: रचना आणि दिग्दर्शन' हे १९६४ चे पुस्तक संगीतकाराने स्वतःच्या कारखान्याचे दार उघडून दाखवावे असे आहे, मराठीत असली पुस्तके बोटांवर मोजण्याइतकीच. 'अंतरा' १९६७ चे, आणि आठवणींचे 'जे आठवते ते' १९७४ चे. तीन वर्षांनी ते गेले. ज्योत्स्नाबाई पुढे २००१ पर्यंत होत्या. पुण्याच्या हिराबागेत त्यांच्या नावाचे सभागृह आहे, तेथे कार्यक्रम होतात, आणि त्या नावामुळे भोळे हे आडनाव निदान तिकिटावर तरी छापले जाते.

त्यांची पुस्तके आता दुकानांत सहजी मिळत नाहीत. जुन्या वाचनालयांच्या संगीत विभागात, बहुधा सर्वांत खालच्या फळीवर, सापडतात. चित्रपट मात्र पाहता येतात. सुट्टीत मुले घरी असतील तेव्हा 'संत तुकाराम' आणि 'कुंकू' हे दोन्ही लागोपाठ लावा. पहिल्यात सालोमालोचे गाणे सुरू झाले की आवाज थोडा वाढवा. दुसऱ्यात नीरा खोलीत एकटी असते तेव्हा मागे काय वाजते आहे ते कान देऊन ऐका. घड्याळ वाजत असते.